डाव्या पायावरचं वजन

चेंडू कुठे गेला हे डॉक्टर गुरुदत्त कधी बघत नसत. तो बाभळीत शिरो, नदीच्या उतरणीला लागो, नाहीतर चरणाऱ्या म्हशीच्या पोटाखालून जावो. डॉक्टरांची नजर मारणाऱ्याच्या कमरेखाली खिळलेली असे.

"अण्णा, तुम्ही सोवळ्यात आहात का?" त्या रविवारी त्यांनी विचारलं. "जमिनीचा विटाळ होईल अशा बेतानं उभे आहात."

काठ्यांची पिशवी खांद्याला लावून उभा असलेला काळुराम तोंड फिरवून हसला. अण्णाही हसले. हसता हसता त्यांनी डावं पाऊल हळूच मागे घेतलं.

कल्याणच्या बाहेर, मोहन्याजवळच्या कारखान्यात अण्णा फणसळकर स्टोअरकीपर होते. स्वराज्य आलं, तसे तिथले इंग्रज साहेब एकेक करून मायदेशी गेले आणि नदीकाठी त्यांनी हौसेनं राखलेलं गोल्फचं मैदान ओस पडायला आलं. मैदान म्हणायचं एवढंच. पावसाचे चार महिने हिरवळ, बाकी पिवळं गवत आणि मुरूम. प्रत्येक भोकाभोवती तेल शिंपडून चोपलेल्या वाळूचं एक वर्तुळ. नव्या मॅनेजरसाहेबांना खेळात गम्य नव्हतं, पण मुंबईहून पाहुणे आले की दाखवण्यासारखं कारखान्यात तेवढंच होतं. त्यांनी वरच्या हुद्द्यावरच्या चार जणांना सांगितलं, रविवारी सकाळी जरा काठ्या फिरवायला येत चला. मॅनेजरांचं 'जरा येत चला' म्हणजे काय, ते सगळ्यांना समजत होतं. पन्नाशी उलटलेले, आयुष्यात विटीदांडूपलीकडे काही न खेळलेले अण्णा पांढरी विजार आणि कॅनव्हासचे बूट घालून सायकलीवरून येऊ लागले.

कारखान्याच्या दवाखान्याचे डॉक्टर गुरुदत्त या खेळातले दर्दी. अण्णांना शिकवायचं त्यांनी आपण होऊन अंगावर घेतलं. त्यांचं सगळं शास्त्र कमरेखालचं. हात म्हणजे नोकर, ते म्हणत, आणि कंबर म्हणजे मालक. काठी मागे नेताना वजन उजव्या पायावर जाऊ द्यायचं. मग खाली येताना हातांनी घाई करायची नाही; आधी डावी टाच जमिनीत बसवायची, मग डावा गुडघा, मग कंबर वळवायची. मालक वळला की नोकर मागनं धावत येतात. शेवटी सगळं वजन डाव्या पायावर यायला हवं, इतकं, की उजवं पाऊल सहज उचलता आलं पाहिजे. अण्णांच्या घरात मात्र नोकरच पुढे पळत आणि मालक झोपलेला असे, हे डॉक्टर दर रविवारी न चुकता सांगत.

आज त्यांनी परीक्षाच घेतली. अण्णांनी काठी फिरवली, चेंडू कसाबसा वीस पावलं घरंगळला, आणि डॉक्टर म्हणाले, "आता तसेच राहा. उजवं पाऊल उचला बघू."

अण्णांनी उजवं पाऊल उचललं. डावा घोटा एकदम बाहेरच्या अंगाला कलला, जणू तो त्यांचा नव्हताच. काळुरामनं पिशवी टाकून त्यांना दंडाला धरलं नसतं तर ते तोंडावर आपटले असते.

"साहेबांचा डावा पाय निजलाय जनू," काळुराम म्हणाला.

नेहमी डॉक्टरांकडे अशा वेळी चार तरी टोमणे तयार असत. आज ते फक्त अण्णांच्या बुटाकडे बघत राहिले आणि मग आपला चेंडू शोधायला पुढे निघून गेले.

अण्णा बाभळीच्या विरळ सावलीत बसले. बुटात काहीतरी ओलं वाटलं म्हणून नाही, तर मोजा लाल दिसला म्हणून त्यांनी नाडी सोडली. नाडीची गाठ घट्ट बसून पावलाच्या वरच्या अंगाला रुपयाएवढं सालडं निघालं होतं. सकाळपासून ते घासत असणार. अण्णांना त्याचा पत्ताही नव्हता.

"रगत हाय," काळुराम वाकून म्हणाला. "मंग कललं कसं नाय तुमाला?"

"मुंगी चावली असेल," अण्णा म्हणाले, आणि भराभर बूट चढवला.

घरी जाताना सायकल चालवत होता तो उजवा पाय. डावा नुसता पॅडलवर ठेवल्यासारखा फिरत होता. दुर्गाडीचा उतार आला तेव्हा अण्णांच्या मनात जे गेले कित्येक दिवस दाराबाहेर उभं होतं, ते आत आलं आणि बसलं.

पहिल्यांदा चप्पल गळाली होती. पारनाक्यावर भाजी घेऊन ते चालत निघाले, आणि मागून एका बाईंनी हाक मारली, अहो, तुमची चप्पल राहिली. डाव्या पायातली चप्पल वाटेत पडली होती आणि ते अनवाणी पायानं चार घरं पुढे आले होते. तेव्हा ते हसले, वय झालं म्हणाले. पण त्या रात्री त्यांना झोप आली नाही, कारण चप्पल गळण्याचा अर्थ काय होतो ते त्यांना लहानपणापासून माहीत होतं.

त्यांच्या गावी, संगमेश्वराच्या बाजूला, माडांच्या आगराच्या टोकाला एक खोपटं होतं. त्यात बाळकाका राहत. अण्णांच्या वडिलांचे धाकटे भाऊ. पूर्वी ते घरातच असत, पोथी वाचत, पत्रावळी लावत. मग एक दिवस नदीवरून येताना त्यांची चप्पल गळाली आणि त्यांना कळलं नाही. मग पाय ओढू लागला. गावानं काय ते ओळखलं. कुणी तोंडानं नाव घेतलं नाही. त्या रोगाचं नाव घेतलं तरी तो ऐकतो, असं आजी म्हणायची. खोपटं बांधलं, आणि जेवणाचं पान दगडावर ठेवून, थाळी वाजवून घरची माणसं मागे फिरू लागली. पुढे बाळकाका वारले, तेव्हा खोपटं पेटवून दिलं. आजी उंबऱ्यावर बसून राहिली होती. तिकडे कुणी बघितलं नाही.

अण्णांनी ही गोष्ट बायकोलाही सांगितली नव्हती. लग्नाआधी सांगितली असती तर लग्न झालं नसतं, आणि लग्नानंतर सांगण्यात अर्थ नव्हता. ती गेल्या श्रावणात गेली, न सांगितलेलं ऐकायचं राहूनच. आता घरात मंदा होती. मंदाकिनी, त्यांची एकुलती मुलगी. आई नसली तरी पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला हवं म्हणून अण्णांनीच तिला आणलं होतं. तिला मुलगी झाली होती. नाव शीला ठेवलं होतं. आणि त्या मुलीला अण्णांनी अजून हात लावला नव्हता.

घरी पोचल्यावर त्यांनी मोरीचं दार लावून घेतलं. मंदाच्या आईच्या शिवणाच्या डब्यातली सुई त्यांनी आधीच उचलून ठेवली होती. पावलाच्या वरच्या भागावर, अंगठ्याच्या मागे, त्यांनी सुई टेकवली. मग टोचली. रक्ताचा थेंब आला. वेदना आली नाही. नडगीच्या बाहेरच्या बाजूनं ते वर वर टोचत गेले. गुडघ्याच्या खाली चार बोटांवर आल्यावर एकदम कळ उठली आणि त्यांना इतकं बरं वाटलं, की डोळ्यांत पाणी आलं. तिथपर्यंत मी आहे, त्यांच्या मनात आलं. त्याखाली कोण आहे कुणास ठाऊक.

बाहेरून मंदानं विचारलं, पाणी गरम हवं आहे का? नको, ते म्हणाले. गरम पाण्याची त्यांना भीती वाटू लागली होती. पोळलं तरी समजणार नाही याची.

चप्पल गळाल्यापासूनच त्यांनी स्वतःला घरातून थोडं थोडं उचलायला सुरुवात केली होती. आधी ताट वेगळं केलं. काठाला पोचा आलेलं पितळी ताट त्यांनी आपलं म्हणून ठरवलं आणि जेवण झालं की स्वतः घासून ओटीवर उपडं घालू लागले. मग पंचा वेगळा झाला, मग लोटीभांडं. अंथरूण ओटीवर गेलं. कारण विचारलं तर पडसं. बाळंतिणीच्या घरात पडसं नको, लहान जीव आहे. मंदाला ते पटलं होतं. बारशालाही ते दाराशी, पाहुण्यांच्या चपलांजवळ, नाकाला रुमाल लावून उभे राहिले. मुलीला पाळण्यात घालताना बायकांनी आजोबांना पुढे बोलावलं तेव्हा त्यांनी लांबूनच हात जोडले. अण्णांचं पडसं काही केल्या बरं होईना.

सकाळी मात्र ते अधिकाधिक लवकर उठू लागले. बायको गेल्यापासून वर्षश्राद्धापर्यंत रोज पोथी वाचायची, असा त्यांनी नेम केला होता. ती ज्या पाटावर बसून देवपूजा करायची, त्याच पाटावर ते बसत. पाट लहान, बाईमाणसाच्या बेताचा. कडेनं पितळी फुल्या ठोकलेल्या. अण्णांचे गुडघे पाटाच्या बाहेर येत आणि डाव्या गुडघ्याचं हाड नेमकं कडेवर टेके. पण एकदा मांडी घातली की अध्याय संपेपर्यंत मोडायची नाही, हा त्यांच्या घराण्यातला शिरस्ता. वडील म्हणत, देवापुढे पाय चाळवणारा माणूस देवाला उठायची घाई आहे असं सांगतो. पूर्वी अण्णा एक अध्याय वाचत. आता भीती वाढली तसे अध्याय वाढले. बाहेर उजाडेपर्यंत, सगुणा येऊन चुलीवर पाणी ठेवीपर्यंत ते हलत नसत. उठताना डावा पाय दोन्ही हातांनी उचलून सरळ करावा लागे. हेही त्यांनी देवापुढे मान्य केलं होतं. पाय घे, ते मनात म्हणत, पण पुढे जाऊ नकोस.

सगुणा ही खाडीकडच्या गावातली आगरी बाई. बाळबाळंतिणीला न्हाऊ घालायला रोज येई. मोरीत पाय पसरून बसायची, शीलाला पायांवर आडवी घ्यायची आणि तेल जिरवता जिरवता सगळ्या कल्याणच्या बातम्या सांगायची. एक दिवस न्हाऊमाखू घातलेली, दुपट्यात गुंडाळलेली मुलगी घेऊन ती सरळ ओटीवर आली आणि अण्णांच्या पुढ्यात उभी राहिली.

"घ्या नातीला. चावत नाय अजून, दात यायचंत."

अण्णा उठले आणि भिंतीला टेकले. सगुणा आणखी पुढे आली. अण्णांच्या तोंडून जरा मोठ्यानं निघून गेलं, की आत ने तिला. सगुणाचं हसू मावळलं. ती आत गेली. आतून मंदाचा आवाज काही ऐकू आला नाही, आणि तेच अण्णांना लागलं.

संध्याकाळी मंदा ओटीच्या दाराशी आली. हातात वाळलेली दुपटी होती. ती त्यांच्या घड्या घालत राहिली. मंदा आईसारखीच, मनातलं बोलायच्या आधी हाताला काहीतरी काम लावून घ्यायची.

"अण्णा, मुलगी झाली म्हणून का?"

अण्णांना आधी प्रश्नच समजला नाही. समजला तेव्हा त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. पण पुढचं सांगणं टाळलं, कारण मग का, याचं उत्तर द्यावं लागलं असतं. मंदानं आणखी एक घडी घातली आणि म्हणाली, पुढच्या आठवड्यात ह्यांना पत्र घालते, न्यायला या म्हणून. घड्या घातलेली दुपटी तिनं छातीशी धरली आणि ती आत गेली.

अण्णा अंधार पडेपर्यंत तसेच बसून राहिले. गप्प राहिले तर मुलगी आयुष्यभर हेच मनात धरून बसेल, आणि बोलले तर सासरी तिला कुणी उंबरा ओलांडू देणार नाही. दोन्हीकडे खड्डा. आणि या दोन्हींपेक्षा मोठं भय वेगळंच होतं: आपल्याला ते खरोखर झालं असेल, आणि एवढी काळजी घेऊनही त्या मुलीपर्यंत पोचलं असेल.

रविवारी ते मैदानावर गेले. दवाखान्यात जाणं शक्य नव्हतं. तिथं कंपाउंडर होता, बाकावर बसलेली कारखान्यातली माणसं होती. गेल्याच साली हमालीतल्या एका माणसाच्या अंगावर चट्टे दिसले, तर दुपारच्या सुट्टीच्या आत त्याचं मडकं कुणीतरी फोडून टाकलं होतं आणि तो पुन्हा कुणाला दिसला नाही. डॉक्टरांना असं काही आढळलं तर वर कळवावं लागतं, हेही अण्णांना ठाऊक होतं. तरी ते गेले. नदीकडच्या शेवटच्या भोकापाशी आल्यावर त्यांनी काळुरामला चेंडू शोधायला खालच्या उतरणीवर पाठवलं. चेंडू त्यांच्या खिशातच होता.

"डॉक्टर," अण्णा म्हणाले, "माझा पाय बघाल का?" आणि ते खाली बसून नाडी सोडू लागले. गाठ सुटेना. डॉक्टर गुडघे टेकून बसले आणि त्यांनीच ती सोडली.

"मी महिनाभर तुमचा पायच बघतोय," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. "विचारायची मलाच भीती वाटत होती."

अण्णांच्या मनात आलं, डॉक्टर भितात तेव्हा काय असतं?

डॉक्टरांनी मोजा काढला. पायावरची जखम पाहिली, कातडी ताणून पाहिली. चेंडू ज्यावर ठेवून मारतात ती लाकडी खुंटी त्यांनी खिशातून काढली आणि तिच्या टोकानं पायावर जागोजाग टोचलं. अण्णांना डोळे मिटायला सांगितलं होतं. वरच्या बाजूला त्यांना काही समजलं नाही. मग एकदम ते दचकले.

"काय झालं?"

"टोचलं."

"कुठे?"

"तळव्याला."

डॉक्टरांनी पुन्हा तळव्याला टोचलं, टाचेला टोचलं. अण्णा दर वेळी हो म्हणाले. स्वतः सुई टोचताना तळवा तपासायचं त्यांना सुचलंच नव्हतं. चप्पल गळाली म्हणजे पाऊल गेलं, असं त्यांनी धरून टाकलं होतं. डॉक्टरांनी त्यांचे कान चाचपले, भुवया पाहिल्या, सदरा काढायला लावून पाठ पाहिली. मग गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडामागे, दोन बोटं घालून ते काहीतरी शोधत राहिले. आधी डावीकडे, मग उजवीकडे, पुन्हा डावीकडे. नदीपलीकडे कुणीतरी कपडे आपटत होतं. त्या आवाजाशिवाय काही ऐकू येत नव्हतं. अण्णांना वाटलं, यांनी हे संपवूच नये. बोटं काढली की बोलावं लागेल.

"त्या रोगात इथली शीर दोरीसारखी जाड लागते," शेवटी डॉक्टर म्हणाले. "तुमची नाही लागत. अंगावर चट्टा नाही. अण्णा, तुम्ही रोज बसता कसे?"

हा काय प्रश्न, असं अण्णांना वाटलं. पण त्यांनी गवतावर मांडी घालून दाखवली. पोथीचं सांगितलं, पाटाचं सांगितलं, मांडी न मोडण्याचं सांगितलं. डॉक्टरांनी अण्णांच्या खिशातून वर आलेला चेंडू काढून घेतला, त्यांचा डावा गुडघा जरा उचलला आणि हाडाच्या मागे, गवतावर, तो चेंडू ठेवला.

"पाटाची कड इथे येते?"

अण्णांनी मान हलवली. चेंडूवर वजन आलं तशी गुडघ्यापासून अंगठ्यापर्यंत बारीक झिणझिणी गेली. ती त्यांच्या ओळखीची होती. रोज पहाटे पहिल्या अध्यायाच्या सुमारास ती यायची, मग नाहीशी व्हायची. ती नाहीशी झाली की मन एकाग्र झालं, असं ते समजत.

पायाची शीर तिथं हाडावरून जाते, अगदी कातडीखालून, डॉक्टरांनी समजावलं. रोज तासन्‌तास तिच्यावर कड दाबली तर ती मरगळते. पाऊल वर उचलेनासं होतं, वरचा भाग बधिर होतो, चप्पल गळते. सगळं तसंच दिसतं. अण्णांना धीर येईना. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बाळकाकांचं नाव घेतलं. खोपटं, थाळी, पेटवलेलं छप्पर, सगळं सांगितलं. घराण्यात आहे, म्हणाले.

डॉक्टरांनी विचारलं, "त्यांना तपासलं कुणी होतं?"

"गावानं," अण्णा म्हणाले.

आणि बोलता बोलता ते थांबले. त्यांच्या डोळ्यांपुढे दगडावरचं पान उचलणारा एक हात आला. लहानपणी झाडामागून त्यांनी तो पाहिला होता. गोरा, बारीक, पाचही बोटं धड असलेला. शेवटच्या वर्षातही धड. उरलेला वेळ बाळकाका खोपट्याच्या दारात मांडी घालून पत्रावळी लावत बसलेले असत. अण्णांनी हे डॉक्टरांना सांगितलं नाही. उन्हात बसलेले असून त्यांच्या अंगावर काटा आला होता, आणि तो स्वतःसाठी नव्हता.

"माझी पंधरा आणे खात्री आहे," डॉक्टर म्हणाले. "उरलेला एक आणा मुंबईला विचारू." कित्येक रविवार खिशात बाळगलेल्या पात्यानं त्यांनी अण्णांच्या कानाच्या पाळीचा बारीक खरवडा तिथंच घेतला, काचेच्या पट्टीवर लावला आणि पट्टी रुमालात गुंडाळली. मुंबईत त्यांचे एक मित्र होते. नाव कुठेही लागणार नव्हतं. तोवर पाट बंद.

घरी जाऊन अण्णांनी मंदाला सगळं सांगितलं. एक आणा बाकी असताना सांगितलं. निकाल आल्यावर सांगणं सोपं होतं. पण तोवर तिनं नवऱ्याला पत्र टाकलं असतं, आणि त्या प्रश्नासकट ती निघून गेली असती. ते ओटीवर उभे होते, ती आत पाळण्यापाशी. बाळकाकांचंही त्यांनी लपवलं नाही. ऐकता ऐकता मंदानं शीलाला पाळण्यातून उचललं आणि एक पाऊल मागे सरली.

अण्णांनी ते पाहिलं. मंदानंही, त्यांनी पाहिलं हे पाहिलं. तिचा चेहरा पडला. पण ती पुढे आली नाही, आणि अण्णांना तिच्याविषयी त्या क्षणी जेवढी माया वाटली तेवढी कधी वाटली नव्हती. "तिथंच थांब," ते म्हणाले. "अजून एक आणा आहे."

पुढचे दिवस दोघांनी त्या अंतरावरूनच काढले. मंदा दाराशी ताट ठेवी, अण्णा उचलून घेत. थाळी तिनं कधी वाजवली नाही. नुसतं "अण्णा" म्हणे. पत्र तिनं टाकलं नाही. सकाळी अण्णा पाटाकडे बघत आणि उभ्यानंच चार ओळी म्हणत. त्यात मन लागत नसे. रस्त्यावर मोटारीचा आवाज आला की डॉक्टर आले असं वाटून ते उठून उभे राहत, आणि ती पुढे गेली की परत बसत.

मग एका सकाळी ती थांबली. डॉक्टर गुरुदत्त पायऱ्या चढून आले. अण्णांना उठता येईना. चांगली बातमी असती तर कारखान्यातच सांगितली असती. घरी येतात ते वाईट सांगायला, असं त्यांच्या मनानं घेतलं. मंदा दारात येऊन उभी राहिली, चौकट धरून. डॉक्टरांनी कुणाकडे न बघता विचारलं, "तो पाट कुठे आहे?"

मंदानं देवघरातून तो आणून दिला. डॉक्टरांनी कडेच्या पितळी फुलीवरून अंगठा फिरवला. तिथली फुली घासून चकचकीत झाली होती.

"सोळा आणे," ते म्हणाले.

मंदा चौकटीला धरून खाली बसली. भीती गेली असं अण्णांना वाटलं नाही. एवढ्या दिवसांची वस्ती, ती एका शब्दानं उठणार नव्हती. डॉक्टर सांगत होते, की पाय येईल. सहा महिने लागतील, वर्ष लागेल. अगदी पूर्वीसारखा येईलच असं नाही. रविवारी काठी फिरवायला यायचं, डाव्या पायावर वजन टाकायची सवय सोडायची नाही. आणि पोथी वाचायची असेल तर पाय पसरून वाचायची, देव काही म्हणणार नाही. चहा न घेताच ते गेले.

पाट मंदानं आपल्या आईच्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर ठेवला. अण्णा ते बघत होते. तिनं तो टाकला नाही याचं त्यांना बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सगुणा आली तेव्हा अण्णा भिंतीला पाठ टेकून, दोन्ही पाय लांब पसरून बसले होते. आयुष्यभर कुणाच्या पुढ्यात ते असे बसले नव्हते, त्यामुळे त्यांना अवघडल्यासारखं झालं होतं. सगुणानं काही विचारलं नाही. न्हाऊ घातलेली मुलगी तिनं मंदाच्या हातात दिली. मंदा ओटीवर आली, वाकली, आणि सगुणा मोरीत ठेवते तशी तिनं शीलाला अण्णांच्या पायांवर ठेवली.

मुलगी गरम होती. तिला वेखंडाचा आणि धुरीचा वास येत होता. अण्णांनी हात तिच्या दोन्ही बाजूंना धरले, पण लावले नाहीत, मग लावले. ती लाथ मारत होती आणि छताकडे बघत होती.

"जड होतेय का?" मंदानं विचारलं.

"उजव्या पायाला होतेय," अण्णा म्हणाले. मग डावा पाय जरा आत घेत म्हणाले, "जरा डावीकडे सरकव तिला. तिथं कळतंय का बघू."